जमा आहे, पण रोख नाही

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी शिवथरचा. महाड तालुक्यातलं शिवथर म्हटलं की लोकांना घळ आठवते. समर्थ रामदासांनी जिथे दासबोध सांगितला असं मानलं जातं, ती शिवथरघळ. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ती शोधून काढली आणि मग माणसांची ये-जा सुरू झाली. पावसाळ्यात धबधबा बघायला आता गाड्यांची रांग लागते. पण आम्हा गाववाल्यांचं गाव म्हणजे भात, नाचणी, वरी आणि महाडहून येणारी एसटी. चारी बाजूंनी सह्याद्री. समुद्र आमच्या जिल्ह्यात आहे, आमच्या डोळ्यांसमोर नाही.

असा माणूस आज तुमच्याशी मोठ्या प्रवासी जहाजावरच्या हिशोबाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, याचा काय संबंध? तर मी छत्तीस वर्षं विविध कार्यकारी सोसायटीचा सचिव होतो. किर्द, खतावणी, जमा, नावे, येणे, देणे यातच माझे केस पिकले. जमा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवावं अशी वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. ती वेळ माझ्यावर २०२४ च्या डिसेंबरात, सिंगापूरहून निघालेल्या जहाजाच्या काउंटरवर, रात्री पावणेदहा वाजता आली.

आमच्या भागातल्या माणसाचा बोटीशी संबंध अगदीच नव्हता असं मात्र नाही. आजच्या मुंबई-गोवा रस्त्यावर भरधाव जाणाऱ्यांना सांगून खरं वाटणार नाही, पण एके काळी मुंबईहून महाडला यायचा एक चांगला मार्ग पाण्यातून होता. बोटीने हरिहरेश्वर-बाणकोटपर्यंत यायचं, तिथून छोट्या लाँचने सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदराला लागायचं. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रहाला आले ते असेच. मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, पुढे खाडीतून दासगावला उतरले आणि तिथून सत्याग्रही पायी महाडला गेले. धरमतरच्या बाजूच्या मोटारमालकांनी सत्याग्रहींना न्यायचं नाही असं ठरवल्यामुळे त्यांना समुद्राचा रस्ता धरावा लागला होता.

त्या बोटींवर प्रत्येकाची शिदोरी प्रत्येकाकडे असे. तिकीट काढलं की बोटीशी असलेला पैशाचा व्यवहार संपला. माझ्या आईला मात्र बोट म्हटली की 'रामदास' आठवायची. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. ज्या रामदासांच्या घळीजवळ आपण राहतो त्यांचंच नाव घेतलेली बोट बुडाली, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटायचं. "पान्याचा भरवसा धरू नये," असं ती म्हणायची. ती असती तर आम्हाला जहाजावर चढूच दिलं नसतं.

आमची थोरली लेक सिंगापूरला नोकरी करते. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि चार रात्रींच्या जहाजसफरीवर पाठवलं. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. तिला स्वतःला रजा नव्हती. धक्क्यावर सोडताना म्हणाली, "आबा, जेवण, राहणं, नोकरांची बक्षिसी सगळं भरलेलं आहे. शिवाय तुमच्या खात्यावर शंभर डॉलर टाकलेत. बुकिंग केलं त्या एजंटनेही पंच्याहत्तर दिलेत. आईला काय हवं ते घेऊ द्या." मी मान हलवली. पंचेचाळीस वर्षांत मी बऱ्याच गोष्टींना नुसती मान हलवलेली आहे.

आता जहाजावरचा व्यवहार कसा चालतो ते सांगतो. जहाजावर रोख पैसा चालत नाही. तिकिटाबरोबर तुम्हाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. चहाच्या दुकानात, कपड्यांच्या दुकानात, मालिश करून घ्यायला, इंटरनेटला, किनाऱ्यावरच्या सहलीला, सगळीकडे ते दाखवायचं. रक्कम तुमच्या खोलीच्या खात्यावर नावे पडते. शेवटच्या रात्री हिशोब होतो. यासाठी चढतानाच तुमचं बँकेचं कार्ड त्या खात्याला जोडून घेतात, नाहीतर रोख अनामत भरावी लागते. माझ्याकडे परदेशात चालणारं कार्ड नव्हतं. लेकीने दिलेल्या पैशातून मी शंभर डॉलर अनामत भरली आणि रीतसर पावती घेतली.

कार्डाबद्दल इथेच एक सांगून टाकतो. आमच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यांनी डेबिट कार्ड जोडलं होतं. जहाजवाले खर्च होईल अशा अंदाजाने काही रक्कम बँकेत अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती मर्यादेतून अडते, त्याची झळ पोचत नाही. डेबिट कार्डावर तुमचा स्वतःचाच पैसा अडतो आणि सफर संपल्यावरही सुटायला काही दिवस जातात. ते गृहस्थ सिंगापूरला उतरून आणखी आठवडाभर फिरणार होते आणि ज्या पैशावर फिरायचं तोच अडकलेला. बिचारे रोज बँकेचं ॲप उघडून बघत होते.

तर पहिल्या संध्याकाळी खोलीतल्या टीव्हीवर मी आमचं खातं उघडलं. जमा २७५ डॉलर. शंभर अनामत, शंभर लेकीचे, पंच्याहत्तर एजंटचे. मी खिशातल्या वहीत टिपून घेतलं. त्या वेळच्या दराने तेवीस हजार रुपयांच्या वर रक्कम होत होती. मनात म्हटलं, खायला-प्यायला फुकट आहे, खर्च करायचं कारण नाही, परत जाताना हे पैसे लेकीच्या हातात ठेवू. तिने हप्ते भरून घर घेतलं आहे, तिच्या उपयोगी पडतील.

सोसायटीच्या सचिवाच्या डोक्यात जमा म्हणजे जमा. सभासदाचं जमा असेल तर ते त्याचं आहे, मागेल तेव्हा द्यायचं आहे. माझी चूक इथेच झाली. आणि गंमत अशी की ही चूक मी करायला नको होती, कारण असं जमाखातं मी लहानपणी घरात पाहिलेलं होतं.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपापर्यंत होते, मग गावी आले ते कायमचे. मी शाळकरी असताना ते महिन्याला मनिऑर्डर करायचे, पण आईच्या नावे नाही. आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी, रस्त्यावर, एक किराणा दुकान होतं. पैसे त्या शेठजींच्या नावे यायचे. वडिलांचं म्हणणं, घरात रोकड आली तर भाऊबंद उसनी मागतात, पैसा उडतो. दुकानात असला की त्याचं धान्य तरी होतं. शेठजी आईच्या खात्यावर रक्कम जमा करायचे आणि आई मीठ, तेल, गूळ, काडेपेटी जे लागेल ते न्यायची. लाल बासनातली ती वही मला अजून दिसते.

पैसे आईचेच होते. पण ते त्या दुकानातच चालत. दुसऱ्या दुकानात कापड स्वस्त मिळालं तरी घेता येत नव्हतं. एकदा माझ्या धाकट्या भावाला ताप आला, महाडला डॉक्टरकडे न्यायचं होतं. आई दुकानात गेली आणि खात्यातले पाच रुपये रोख मागितले. शेठजी वाईट माणूस नव्हता, पण म्हणाला, "वहिनी, हे मालाचे पैसे आहेत, रोखीचे नाहीत." आईने काय करावं? तिने दोन किलो साखर खात्यावर घेतली आणि येता येता दोन घरांत थोडी कमी भावाने विकली. त्या पैशांत ती भावाला घेऊन महाडला गेली. साखरेत किती नुकसान झालं ते तिने वडिलांना कधी सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण साखरेची पिशवी माझ्या डोक्यावर होती.

जहाजावर ज्याला 'ऑनबोर्ड क्रेडिट' म्हणतात ते हेच, श्रोतेहो. नाव क्रेडिट असलं तरी ते कर्ज नाही, उधारीही नाही. कोणीतरी तुमच्यासाठी त्या एका दुकानात भरलेले किंवा दुकानदारानेच तुमच्या नावे लिहिलेले पैसे. ते त्या जहाजावर, त्या सफरीत, त्या काउंटरवर चालतात.

पण या पैशांतही जाती आहेत, आणि त्या टीव्हीच्या पडद्यावर एकाच आकड्यात मिसळून दिसतात. एक, परत मिळणारं. खर्च झालं नाही तर शेवटी रोख देतात किंवा कार्डावर जमा करतात. दुसरं, परत न मिळणारं. सफर संपली की ते संपलं. कंपनी किंवा एजंट गिऱ्हाईक ओढायला जे देतात ते बहुतेक दुसऱ्या जातीचं असतं. घरच्या माणसाने स्वतः पैसे भरून पाठवलेलं पुष्कळदा पहिल्या जातीचं असतं, पण तेही कंपनीगणिक बदलतं. म्हणून भेट पाठवणाऱ्याने विकत घेतानाच विचारलेलं बरं.

ज्यांनी सरकारी कारभार पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. सभासदाची ठेव वेगळी आणि अनुदान वेगळं. ठेव राहिली तर पुढल्या वर्षी ओढता येते. अनुदान मार्चअखेर खर्च झालं नाही तर गेलं. म्हणून तर मार्चमध्ये सगळीकडे रस्ते उकरलेले दिसतात. रेशनचंही तसंच. या महिन्याचं धान्य उचललं नाही तर पुढच्या महिन्यात दुप्पट मिळेल असं समजणाऱ्याला दुकानदार काय म्हणतो ते आपल्याला माहीत आहे. छत्तीस मार्चअखेर मी काढले, आणि जहाजावर मला मार्चअखेर ओळखता आला नाही.

मग कंपन्या हे क्रेडिट देतात तरी का? सरळ तिकीटच स्वस्त का करत नाहीत? कारण तिकिटाचा भाव एकदा उतरवला की तो सगळ्यांना दिसतो, आधी तिकीट घेतलेले ओरडतात. शिवाय पंच्याहत्तर डॉलर तिकिटात सोडले तर पंच्याहत्तर गेले. पण तेच जहाजावरच्या दुकानात खर्चायला दिले तर कंपनीला त्या मालाची मूळ किंमत तेवढी पडते. आणि पंच्याहत्तर हातात असलेला माणूस पंच्याहत्तरवर थांबत नाही, शंभराची वस्तू उचलतो. जहाजावरची विक्री हा काही चिल्लर धंदा नाही. कार्निव्हल ही जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी. २०२४ साली तिचं उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होतं, त्यातले साडेआठ अब्जांच्या आसपास तिकिटाव्यतिरिक्त, म्हणजे मुख्यतः जहाजावर होणाऱ्या खर्चातून आले होते. याच कंपनीने आपल्या भागधारकांसाठी एक सवलत वर्षानुवर्षं चालवली. शंभर शेअर असतील तर सहा दिवसांपर्यंतच्या सफरीला ५० डॉलर, सात ते तेरा दिवसांना १००, चौदा किंवा जास्त दिवसांना २५० डॉलर खात्यावर जमा. पण तिथेही अटी आहेतच. जुगाराला चालणार नाही, बक्षिसीला चालणार नाही, रोख मिळणार नाही. कंपनीच्या मालकांनासुद्धा शेठजी रोख देत नाहीत!

बक्षिसीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मोठ्या जहाजांवर खोली झाडणाऱ्या, वाढणाऱ्या नोकरांसाठी दर माणशी, दर दिवशी ठरावीक रक्कम आपोआप नावे पडते. साधारण १६ ते २० डॉलर धरा. दोघांची, चार रात्रींची, अठरा डॉलरने १४४ होते. ज्यांनी ती आधी भरलेली नसते त्यांचं क्रेडिट कित्येकदा यातच निघून जातं आणि ते शेवटच्या दिवशी विचारतात, आम्ही तर काहीच घेतलं नाही, मग पैसे गेले कुठे? पेयांवरही अठरा-वीस टक्के सेवाशुल्क अनेक ठिकाणी लागतं. फळ्यावर साडेपाच लिहिलेलं असतं, कार्डावर साडेसहा पडतात. आमची बक्षिसी लेकीने आधीच भरली होती, म्हणून आमचं खातं चार दिवस जसंच्या तसं होतं.

जसंच्या तसं होतं ते माझ्यामुळेही. पहिल्याच रात्री जेवणघरात एक फोटोवाली मुलगी आली. आम्हाला जवळ बसवलं, माझा हात मंडळींच्या खांद्यावर ठेवायला लावला आणि फोटो काढला. काढायला पैसे नाहीत, पण घ्यायचा तर बावीस डॉलर. म्हणजे एका फोटोला अठराशे-एकोणीसशे रुपये! मी हाताने नको-नको केलं. मंडळी म्हणाली, "अहो, बघू तरी." मी म्हटलं, "अगं, फोनवर काढू की फुकट." विषय संपला. तिसऱ्या दिवशी, जेवणघरात सगळे नटूनथटून आलेले असताना, पुन्हा एक काढला. पुन्हा मी नको म्हटलं. या वेळी ती काही बोलली नाही.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. मुलांच्या शाळेसाठी आम्ही महाडला दोन खोल्या घेतल्या होत्या, तळमजल्याच्या. पुढे मी निवृत्त झालो तरी सामान तिथेच होतं. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये जो पूर आला तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. आम्ही त्या दिवशी शिवथरला होतो म्हणून वाचलो. आमच्या तालुक्यातल्या तळीये गावावर त्याच दिवशी दरड कोसळली, तिथे जे झालं त्यापुढे आमचं नुकसान म्हणजे काहीच नाही. खोलीत माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. पाणी उतरल्यावर गेलो तर कपाट उताणं पडलेलं आणि आत चिखल. भांडी धुऊन निघाली, गाद्या फेकल्या. आमच्या लग्नाचा एक फोटो होता, १९७९ चा, आमचा दोघांचा एकत्र असलेला तेवढाच. तो काचेला चिकटून गेला होता. मंडळीने तो दोन दिवस सावलीत वाळवला, मग काही न बोलता पुरणाऱ्या सामानात ठेवला. मुलांच्या लग्नांत, बारशांत आमचे फोटो आहेत, पण त्यात आम्ही दोन टोकांना, मधे पंचवीस माणसं.

हे मला जहाजावर आठवायला हवं होतं. नाही आठवलं. मला २७५ चा आकडा आठवत होता.

शेवटच्या रात्री जेवण झाल्यावर मी काउंटरवर गेलो. उद्या सकाळी उतरायची गडबड, पैसे आजच घेऊन ठेवावेत म्हटलं. काउंटरवर गोव्याचा मुलगा होता, मराठी बोलणारा. माझी वही, पावती बघून हसला नाही, हे त्याचं चांगुलपण. म्हणाला, "काका, अनामतीचे शंभर सकाळी रोख मिळतील. मुलीने दिलेले शंभर आमच्याकडे परत मिळणारे आहेत, तेही मिळतील. पण एजंटचे हे पंच्याहत्तर परत मिळत नाहीत. आज खर्च नाही केलेत तर गेले."

मी म्हटलं, "खात्यावर जमा दाखवलंय ना?"

"जमा आहे काका, पण रोख नाही."

श्रोतेहो, साठ वर्षांपूर्वीचे शेठजी त्या काउंटरमागे उभे राहिल्यासारखे मला वाटले.

मी घड्याळ पाहिलं. पावणेदहा. त्या मुलाने सांगितलं, दुकानं आणि फोटोचं दालन अकरापर्यंत उघडं आहे, सकाळी जहाज बंदरात लागलं की दुकानं उघडत नाहीत. बंदरात असताना करमुक्त माल विकता येत नाही म्हणून. आणखी एक चांगली गोष्ट त्याने सांगितली. आत्ता जे घ्याल ते आधी त्या पंच्याहत्तरातून वजा होईल, परत मिळणाऱ्यातून नाही. हा क्रम महत्त्वाचा. आमच्या जहाजावर तो असा होता, बहुतेक ठिकाणी असतो, पण विचारून घ्यावा.

मी खोलीत जाऊन मंडळीला सांगितलं. मला वाटलं होतं, ती मला बोलेल. तिने पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चला."

आता हे जहाज म्हणजे अकरा-बारा मजल्यांचं गाव. चार दिवसांत मंडळी जेवणघरातून खोलीकडे येताना रोज चुकत होती. डावीकडे की उजवीकडे हे मला रोज सांगावं लागायचं. त्या रात्री ती माझ्या पुढे चालत होती. दोन जिने उतरली, दुकानांच्या मधून गेली, एका कोपऱ्यावर वळली आणि फोटोच्या दालनात शिरून कोणालाही न विचारता तिसऱ्या फळीसमोर उभी राहिली. वरून दुसऱ्या ओळीत आमचा फोटो होता. पहिल्या रात्रीचा. त्याच्या शेजारी तिसऱ्या दिवसाचा.

मी दुपारी झोपायचो तेव्हा ती रोज तिथे येऊन तो बघून जात होती.

मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. दोन्ही फोटो घेतले. चव्वेचाळीस डॉलर. उरले एकतीस. दुकानात गावातल्या पोरांसाठी चॉकलेटचे डबे घेतले, चोवीस. तिथे गर्दी पाहण्यासारखी होती. माझ्यासारख्या सगळ्यांचाच मार्चअखेर चालू होता. कोणी टोप्या घेत होतं, कोणी अत्तर. एक बाई तिसरी बॅग घेत होत्या आणि त्यांचे यजमान आकडे मोजत होते. उरले सात. मंडळी म्हणाली, "राहू द्या आता." पण सचिवाला बाकी शून्यावर आणल्याशिवाय झोप कशी येणार? वरच्या मजल्यावर जाऊन एक कॉफी घेतली, साडेपाच डॉलर, वर अठरा टक्के, सहा डॉलर एकोणपन्नास सेंट. दोघांत एक प्यालो. चार दिवसांत आम्ही पहिल्यांदाच विकतची वस्तू समोर घेऊन बसलो होतो. बाहेर काळोख, खाली पाण्याचा आवाज. एक्कावन्न सेंट बुडाले. ते मी वहीत अखर्चित म्हणून लिहून ठेवले आहेत.

आता तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर त्याच्यासाठी दोन-चार गोष्टी. हल्ली त्यासाठी सिंगापूरलाच जायला पाहिजे असं नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागलं. १९९० साली बांधलेलं, परदेशात फिरून मग आपल्याकडे आलेलं. त्याआधी २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली होती, ती पुढे बंद पडली. जहाज कोणतंही असो, तिकीट काढताना क्रेडिट देतो म्हणाले तर ते कुणाकडून आहे, कंपनीकडून की एजंटकडून, हे लेखी घ्या. दर माणशी आहे की दर खोलीला, हेही विचारा, कारण जाहिरातीत शंभर वाचून चौघांचं कुटुंब चारशे धरून बसतं आणि खोलीला मिळून शंभरच असतात. चलन कोणतं ते बघा. आणि जहाजावर चढायच्या आधी घरबसल्या सहल किंवा इंटरनेट घ्याल तर त्याला हे क्रेडिट पुष्कळदा चालत नाही, ते जहाजावर चढल्यावरच जागं होतं. आधी घेतलेलं स्वस्त पडतं हे खरं, तेव्हा ज्याचा त्याने हिशोब करावा.

चढल्यावर पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन खातं समजून घ्या. शेवटच्या रात्री नव्हे. पहिल्या दिवशी तिथे कोणी नसतं, शेवटच्या रात्री आमच्या वेळी रांग जिन्यापर्यंत होती. रोजची नोंद रोज बघा. पुण्याच्या त्या कुटुंबाच्या खात्यावर शेजारच्या खोलीची दोन पेयं पडली होती, तिसऱ्या दिवशी लक्षात आलं म्हणून दुरुस्त झाली. आणि परत न मिळणारं असेल ते आधी, मनासारख्या गोष्टीवर खर्चून टाका. मंडळींचे गुडघे दुखतात, तिथे मालिश करून घ्यायची तिची इच्छा होती, हे तिने मला विमानात सांगितलं. ते दालन शेवटच्या रात्री आठलाच बंद झालं होतं.

सकाळी दोनशे डॉलर रोख मिळाले, सही करून घेतले. धक्क्यावर लेक आली होती. तिच्या हातात शंभर ठेवले तर ती चिडली. म्हणाली, "आबा, हे आईने खर्चायचे होते." मग ते तिने आईच्या पर्समध्ये घातले. ते अजून तिथेच आहेत. अमेरिकन डॉलर शिवथरला काय उपयोगाचे? महाडला बँकेत बदलून आणू का, म्हणून मी दोनदा विचारलं. ती म्हणते, असू द्या.

दोन्ही फोटो फ्रेम करून घेतले. एक लेकीकडे ठेवला, एक गावी आणला. आधी तो दाराच्या भिंतीवर लावला होता. पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, जूनमध्येच त्या भिंतीला ओल आली. मंडळीने खिळा काढायला लावला आणि आता तो चुलीकडच्या भिंतीवर आहे. तिथे धुराने काळा पडेल असं मी म्हटलं. ती म्हणाली, "पडू दे. पुसता येतो. भिजला तर पुसता येत नाही."